घरची पोर पहिल्या फेऱ्याला

आज भोगी. बाजरीचं पीठ परातीत आहे, तीळ वाटीत आहेत, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा तवा शेगडीशेजारी भिंतीला टेकून उभा आहे. सकाळपासून मी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते आहे. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सूनबाई, तवा चढवणार की पूजा मांडणार त्याची?" मी म्हटलं, "चढवते की." आणि उगाच पिठात हात घालून बसले.

इटारसीची थंडी अंगाला चिकटते. दारातल्या रेल्वेच्या रुळांवर दव पडतं, वाळत घातलेलं लुगडं दोन दिवस ओलं राहतं. आमची सोलापूरची थंडी कोरडी. ओठ फुटायचे, टाचांना भेगा पडायच्या, आणि पहाटेचा गिरणीचा भोंगा उन्हाळ्यात वाजायचा त्यापेक्षा जवळून वाजल्यासारखा यायचा. भोंगा थांबला की मागांची खटखट ऐकू यायची. म्हणजे गड्डा, आमची संक्रांतीची जत्रा, जवळ आलेला असायचा. सगळ्या सोलापूरला गड्डा जवळ आला की आनंद व्हायचा. मला भीती वाटायची. आनंदही व्हायचा, पण भीतीच्या मागून, तिचा पदर धरून.

आमचा लाकडी पाळणा होता. उंच, रहाटासारखा फिरणारा. आज्यानं सुरू केला आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाढवला. आम्ही मूळचे वळसंगचे सुतार, राहायला सोलापुरात. खांब सागाचे, मधला आस बाभळीचा, बैठकांवर पोपट रंगवलेले. पोपट आईनं रंगवलेले, त्यामुळं त्यांचे डोळे फार मोठे. पाळण्याला मोटार नव्हती. माणसं फिरवायची त्याला. मेहबूब चाचा आणि त्याचे सोबती माकडासारखे वर चढायचे, पाळण्याचा हात धरून लोंबकळायचे, त्यांच्या वजनानं तो हात खाली यायचा, तोवर दुसरा माणूस वर पोचलेला असायचा. आसात एरंडेल तेल घातलेलं असलं तरी तो कुईं कुईं करायचाच. अण्णा म्हणायचे, "बोलू दे की त्याला. गप्प बसलेला पाळणा वाईट." कार्तिकात करमाळा, मग मैंदर्गी, आणि शेवटी सोलापूर, असा तो गाडीत बसून गावोगाव जायचा. पावसाळ्यात वळसंगच्या छपरात गोणपाट पांघरून असायचा. आमच्या घरात पाळणा मोडला, पाडला, उतरवला असं कुणी म्हणायचं नाही. पाळणा निजवला म्हणायचं.

आणि एक रीत होती. कुठल्याही जत्रेत पाळणा उभा राहिला की पहिला फेरा घरच्या पोरीचा. पाळणेवाल्याची स्वतःची पोर एकटी बसवायची, हातात तिळाची वाटी द्यायची, आणि पुरा फेरा फिरवायचा. लोक खाली उभे राहून बघायचे. खेड्यातल्या म्हाताऱ्या तिकीट घ्यायच्या आधी विचारायच्या, "घरची पोर बसली का रं पैली?" बसली म्हटलं की मगच त्यांच्या कनवटीची गाठ सुटायची. फळी, पाटी, शिक्का, कागद, कशाकशाची गरज नव्हती. बापानं पोर बसवली, म्हणजे पाळणा बरा.

ती पोर मी. जेव्हापासून आठवतं तेव्हापासून मी.

वर जाताना पोटातलं सगळं खालीच राहायचं. पाळणा अगदी वर पोचला की क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा, आणि मला वाटायचं, आता. आता खुंटी निघणार. पण रडायची सोय नव्हती, खाली गिऱ्हाईक उभं असायचं. आई दात-ओठ खाऊन सांगायची, "हसायचं. हसली न्हाईस तर घरी ये मग." मेहबूब चाचा त्या फेऱ्याला नेहमी माझ्याच बैठकीजवळच्या हातावर असायचा. लोंबकळता लोंबकळता म्हणायचा, "नीचे नक्को देख बेटी. तालाब देख. तालाब कित्ता चमकता, देख." मी गड्ड्यावरच्या तळ्याकडे बघायचे. तळं खरंच चमकत असायचं, देवळाच्या पायऱ्या पाण्यात हलत असायच्या, आणि फेरा संपायचा. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. अजूनही छाती धडधडायला लागली की मी मनातल्या मनात तळं शोधते. मी घाबरट आहे. कडी लावली का ते तीनदा बघते, यांना डबा देताना झाकण दाबून बघते, लेक, चिमी, पायऱ्या उतरत असली की खाली हात पसरून उभी राहते. पण मी कृतघ्न नाही. ज्यानं चांगलं केलं त्याचं नाव मी विसरत नाही. ज्यानं वाईट केलं त्याचंही नाही. दोन्ही एकाच डब्यात ठेवलेली आहेत, आणि तो डबा मी अधूनमधून उघडून बघते, आत पोरकिडे लागू नयेत म्हणून.

त्या डब्यात सगळ्यात वर बापूसाहेब ठेकेदार.

दुष्काळ सरल्यानंतरचं ते वर्ष. त्याआधीच्या साली जत्रा भरल्या त्या नावाला. लोक खडी फोडत होते, सरकारनं वाटलेली सुकडी खात होते, पाळण्यात कोण बसणार? आमच्या गल्लीत लोकांनी दारं विकली, गाड्यांची चाकं विकली. लाकडाला भाव होता. अण्णांना कितीजणांनी विचारलं, पाळणा देता का म्हणून. आई एकदा म्हणाली, "द्या की मग, पोरांच्या पोटात तरी पडंल." अण्णा उठून बाहेर गेले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आम्ही कण्या खाल्ल्या, अंबाडी खाल्ली, पाळणा खाल्ला नाही. मग पाऊस झाला, ज्वारी उभी राहिली, वळसंगच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी हुरड्याचा वास यायला लागला. अण्णांनी पोपटांना नवा रंग आणला. म्हणाले, "यंदा बग कसं लोक येत्यात. दोन सालाचं फेरं एकदम फिरणार हायेत."

गड्ड्याच्या दिवसांत आम्ही यात्रेच्या गर्दीपासून जरा लांब, एका गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या मोकळ्या जागेत पाळणा लावायचो. खाजगी जागा होती ती. तिथंच मेहबूब चाचाची चक्री असायची, तिच्यावर लाकडी घोडे. घोड्यांच्या शेपट्या खऱ्या केसांच्या. पलीकडं एका म्हाताऱ्याची होडी, दोरानं ओढून झुलवायची. सगळंच जुनं. सगळंच करकरणारं. त्या वर्षी ती जागा बापूसाहेबांनी ठेक्यानं घेतली. पाळणा उभा झालेला होता, पोपटांचे डोळे रंगवायचे तेवढे राहिले होते, आणि बापूसाहेब आले. पांढरं धोतर, काळी टोपी, मनगटात जाड घड्याळ. पाळण्याच्या खांबावर छडी आपटून म्हणाले, "हे सगळं काढायचं. कायमचं. लाकडाचे दिवस संपले."

अण्णा हसले. त्यांना वाटलं चेष्टा चालली आहे. "मालक, सन तोंडावर हाय."

"म्हणूनच म्हणतो. माझा विजेचा पाळणा येतोय. लोखंडी. हे जुनं खोड कोसळलं, कुणाचा जीव गेला, म्हणजे?"

"आजपातूर कुनाचं नख बी गेलं न्हाय, मालक."

"आजपर्यंत नाही. उद्याचं काय?"

उद्याचं काय, याला माणूस काय उत्तर देणार? माझ्यासारख्या जन्माच्या घाबरट पोरीला विचारलं असतं तर तिनंही हेच म्हटलं असतं, उद्याचं काय. पण त्यांना उद्याची भीती वाटत नव्हती. त्यांना जागा पाहिजे होती. भीती आम्हाला दिली आणि जागा त्यांनी घेतली.

जत्रेच्या आधी पाळणा निजवायची ती पहिली वेळ. अण्णांनी स्वतः निजवला. खुंट्या ज्या क्रमानं ठोकल्या त्याच्या उलट्या क्रमानं काढल्या, प्रत्येक बैठकीला गेरूनं खूण केली, आस शेवटी उतरवला. तो उतरवताना चाचानं डोक्याला रुमाल बांधला, माणसं मातीला जातात तेव्हा बांधतात तसा. सगळं लाकूड भिंतीच्या कडेला रचलं, शेजारी चाचाचे घोडे आडवे ठेवले. घोडे आडवे झाले की फार वाईट दिसतात. अण्णा वळसंगला गाडी आणायला गेले. सुगीचे दिवस, मोकळी गाडी लवकर मिळेना. मिळाली आणि ते परतले, तेव्हा भिंतीच्या कडेला काही नव्हतं. रापलेल्या मातीवर लांबट पांढरे डाग, गेरूचा चुरा, आणि एका घोड्याचा कान.

बापूसाहेब म्हणाले, "चोरीला गेलं असेल. मी काय राखणीला होतो?"

चाचानं तो कान खिशात टाकला. त्या दिवसापासून मला पडलेला तो एकच प्रश्न: आमचं लाकूड कुठं आहे? आईलाही तोच. अण्णांना विचारलं तर ते रिकाम्या मातीकडे बघायचे, जणू पाळणा तिथंच आहे आणि आम्हालाच दिसत नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी लोखंडी पाळणा सुरू व्हायचा होता. निळ्या रंगाचा. रंग नवा होता पण पाळणा नवा नव्हता; कुठल्याशा शहरातून जुनाच उचलून आणलेला, गंजावरून रंग दिलेला. नखानं खरवडलं की खाली तांबडं दिसायचं. मी खरवडून बघितलं होतं. लोक मात्र हरखले. दिवे लावलेला पाळणा कुणी बघितला होता! मागवाल्यांच्या तेलुगू बायका केसांत अबोली माळून आल्या, खेड्यातनं गाड्या आल्या, भज्यांचा वास सुटला. आम्ही पण गेलो. का गेलो कुणास ठाऊक. आई म्हणाली, "चला. बगू तरी." भाकरीचं पीठ मळताना ती फार शांत होती, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

बापूसाहेबांचा माणूस तिकिटाचा गठ्ठा घेऊन ओरडायला लागला. लोक पुढं सरकले. आणि गर्दीच्या मधोमध आईचा आवाज उठला. शेतात पाखरं हाकतानाचा तो आवाज.

"घरची पोर बसली का?"

गर्दी थांबली. एवढंच. जशी गाय रस्त्यात आली की गाड्या थांबतात. मग एक म्हातारी म्हणाली, "व्हय की. पोर बसली का ह्यांची?" दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं. तेलुगू बायकांनी आपल्या भाषेत एकमेकींना समजावून सांगितलं आणि त्याही मागं सरकल्या. तिकिटाचा गठ्ठा तसाच.

बापूसाहेब हसून म्हणाले, "अहो, ही मशीन आहे. मशीनला कसली पोर न् बिर?"

"मशीन हाय तर मग भ्या कशाचं? बसवा की."

"पोर घरी आहे. ताप आहे तिला."

"सकाळी तर तळ्यावर बोरं खाताना दिसली!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. मग काय, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "पोर न्हाय तर बायकू बसवा!" "मालकीन बसंल की, पर पाळणा उचलंल का?" "मालक, तुमीच बसा! घोड्यावर बसल्यागत बसा!"

बापूसाहेबांचं तोंड लाल झालं. त्यांनी टोपी नीट केली, छडी माणसाकडे दिली आणि बैठकीत चढले. बैठक कलली. मोटार घुर्र झाली. पाळणा उचलला. एक फेरा नीट झाला, हे मी कबूल करते. लोकांचे हात टाळ्यांसाठी वर आले होते. दुसऱ्या फेऱ्याला बापूसाहेब अगदी टोकाला पोचले, आणि लाईट गेली.

त्या दिवसांत लाईट कधीही जायची. दुपारी, तिन्हीसांजेला, लग्नाच्या मांडवात. पण इतक्या शहाणपणानं ती पुन्हा कधी गेली नाही.

मोटार गप्प. पाळणा गप्प. बाहेरगावाहून आणलेला मेकॅनिक हात वर करून उभा राहिला. म्हणाला, पट्टा सोडला तर एवढ्या वजनानं गरकन खाली येईल, मी हात लावणार नाही. वर बापूसाहेब दोन्ही हातांनी दांडा धरून. टोपी आधीच खाली येऊन पडलेली. एक शेळी तिचा वास घेत होती.

"मालक, वरनं अक्कलकोट दिसतंय का?"

"भजी पाठवू का वर? गरम हायेत!"

अण्णा आणि चाचा पुढं झाले. वजन तोलून पाळणा खाली आणायचं काम त्यांचंच होतं, हे साऱ्यांना माहीत होतं. चाचानं धोतर खोचलं, पहिल्या दांड्यावर पाय ठेवला, आणि वर बघून अगदी अदबीनं म्हणाला, "उतारते साब, उतारते. बस इत्ता बोलो, हमारे घोडे किदर गये?"

बापूसाहेबांनी दांडा आणखी घट्ट धरला.

आई म्हणाली, "आन् आमचं लाकूड?"

वारा होता. बैठक हलली. लोखंडाचा एक बारीक आवाज झाला, आणि वरून बापूसाहेब ओरडले. तो आवाज माझ्या कानात अजून आहे, आणि मी तो कुणाला देणार नाही. "भट्टीवर दिलं! पावाच्या भट्टीवर! आता उतरवा!"

कुणी हसलं नाही.

अण्णांनी दांड्यावरचा हात काढला. मातीवर बसले. कमरेची चंची सोडली, पान काढलं, चुना लावला. चाचा पण बसला. त्याचे सोबती बसले. हळूहळू पुढच्या रांगेतले लोकही बसले, कीर्तनाला बसतात तसे. ऊन उतरायला लागलं. गिरणीच्या भिंतीची सावली पाळण्याच्या पायाशी आली, मग अर्ध्यावर चढली. वर फक्त बापूसाहेब उन्हात होते, पिवळे, हात आखडलेले. मध्येच विनवायचे, मध्येच शिव्या द्यायचे. मी पोटभर बघितलं. लग्न झालं, लेक झाली, देवादिकांच्या कृपेनं अन्नवस्त्राला कमी नाही, सगळ्यांचे उपकार आहेत. पण त्या दुपारच्या सावलीइतकं निवांत सुख मला परत मिळालं नाही. मला बिलकुल भीती वाटत नव्हती. जन्मात तेवढाच वेळ वाटली नाही.

मग ती आली. बापूसाहेबांची पोर. माझ्याच वयाची, लाल रिबिनी, हातात खरंच बोरं. कुणीतरी सांगितलं असणार, पळत आली होती. योगायोगानं माझ्याच शेजारी थांबली. वर बघितलं आणि मला विचारलं, "बाबा पडतील का गं?"

मी म्हटलं, "पडतील की."

याचा मला पस्तावा होत नाही. सांगून ठेवते. तिच्या हातातली बोरं गळाली, तरी झाला नाही.

पण अण्णांनी ऐकलं. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, वरच्या पोपटाचा रंग नीट बसला का ते बघतात तसं, निरखून. मग पान थुंकले, उठले, आणि म्हणाले, "मेहबूब, चल. पोर बगायलीय."

कुठली पोर ते म्हणाले नाहीत.

त्यांनी बापूसाहेबांना उतरवलं. माणसं खालच्या बैठकांत चढवली, दांड्यांना लोंबकळली, आणि तो निळा पाळणा इंचाइंचानं, आमच्या लाकडी पाळण्यासारखा माणसांच्या वजनानं खाली आणला. बापूसाहेब उतरले ते पोरीचा हात धरून घराकडे गेले. धोतर ओलं होतं की नव्हतं यावर गल्लीत गड्डा संपेपर्यंत वाद झाला. मी ओलं होतं या बाजूची. तिन्हीसांजेला लाईट आली, निळ्या पाळण्यावरचे दिवे लागले, आणि लोक बसले. हो, तेच लोक. ज्यांनी आमच्यासाठी आवाज उठवला तेच. रांग लावून बसले, वर जाऊन किंचाळले, खाली येऊन पुन्हा रांगेत लागले. मालक स्वतः बसला होता ना पहिल्यांदा. रीत पूर्ण झाली होती.

संक्रांतीच्या सकाळी अण्णा फडक्यात पाव घेऊन आले. त्याच भट्टीवरचा. आमच्यात पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. त्यांनी चहात बुडवून एक खाल्ला, दुसरा माझ्यापुढं धरला. "खा. आपल्या पाळण्याचा हाय. गरम हाय." आईनं तिचा वाटा दारातल्या कुत्र्याला टाकला आणि लुगड्याचा पदर तोंडात धरून आत गेली. मी खाल्ला नाही. मी तो पाव हातात धरून बसले, गार होईपर्यंत. अण्णांचा मला राग आला होता. त्यांनी माफ केलं ते त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्या वाटचं माफ करायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

पाळणा गेला तशी शाळा गेली. सातवीची परीक्षा जवळ आली होती. आईनं सूप मांडीवर घेतलं आणि मला समोर बसवलं, तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. विड्या वळून वळून बोटांना जो वास लागला तो लग्नातल्या हळदीनंही गेला नाही. अण्णा पुढं लोकांच्या दारांच्या चौकटी करत राहिले. चाचा गाव सोडून कुठं गेला ते कळलं नाही. माझं लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालं आणि मी इतकी लांब आले की इथं सोलापूर म्हटलं की लोक चादरीपलीकडं काही ओळखत नाहीत. सासूबाईंनी मात्र पहिल्याच वर्षी वर्तमानपत्र पुढं ठेवलं. "वाच मोठ्यानं. अडलं तर थांब." आज मी हे चार शब्द लिहिते आहे ते त्यांच्यामुळं. कधीकधी त्यांच्या पाया पडावंसं वाटतं, मग त्या कशावरून तरी ओरडतात आणि राहून जातं.

गेल्या आठवड्यात भाऊ आला, मल्लू. बाजरीचं पीठ, शेंगांची चटणी, कडक भाकरी, आणि एक जड पुडकं. हातपाय धुवायच्या आधी म्हणाला, "आक्का, निळा पाळणा पाडला. कायमचा बंद केला. लई गंजला हुता, एका बैठकीचा तळच निखळला. कुनी न्हवतं बसलं म्हनून बरं."

मी चहा टाकायची विसरले. "कसा पाडला?"

"ग्यासनं कापला. तुकडंच तुकडं."

"आवाज झाला?"

"झाला असंल की. मी काय कान लावून बसलो हुतो?"

"बापूसाहेब आले होते बघायला?"

"आले हुते. खुर्ची टाकून बसले हुते."

"रडले?"

"आक्का, म्हातारं झालंय गं ते आता."

"रडले का ते सांग."

"न्हाय. च्या पीत हुते."

चहा पीत होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली तो दिवस आला, आणि तो माणूस चहा पीत होता. मला वाटलं होतं त्याचं पाळण्यावर प्रेम असेल. त्याचं नव्हतंच. जीव नव्हता त्या लोखंडात त्याचा, मग ते कापून मला काय मिळालं? पण मल्लूनं पुडकं सोडलं. आत निखळलेल्या बैठकीच्या तळाची जाड प्लेट. भंगारवाल्याकडून मागून आणली होती. "तुला पायजे आसंल म्हनून." माझा भाऊ. मी घाबरट, पण माझ्या माणसांना माझ्या पोटातलं कळतं.

इथल्या लोहाराला दाखवलं. म्हटलं, तवा करून दे. त्यानं भट्टीत घालून रंग जाळला, ठोकून ठोकून खोलगट केला. काल आणून दिला. पाठीमागं कडेला निळ्याचा एक ठिपका राहिलाच आहे.

एक गोष्ट आहे जी मला आवडत नाही, म्हणून मी ती लवकर पुसते. तो ठेकेदार वाईट माणूस होता, यात शंका नाही. पण त्यानं पोरीला घरी ठेवलं आणि स्वतः चढला. माझा बाप देवमाणूस, आणि मला दरवर्षी वर पाठवत होता. अण्णांचा खुंट्यांवर भरवसा होता, हे खरं. बापूसाहेबांचा नव्हता, हेही खरं. तरी रात्री चिमीच्या अंगावर पांघरूण घालताना हे डोक्यात येतं, आणि मग मी उठून कडी बघून येते.

तर. तवा चढवला.

पाणी शिंपडलं, ते नाचलं. तीळ लावून भाकरी टाकली. ती चिकटली. नव्या तव्यावर पहिली चिकटतेच. उलथन्यानं खरवडून काढली तेव्हा पोटाला काळा पट्टा, तीळ जळलेले, आणि रंगाचा उग्र वास घरभर. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "ती गाईला घाल गं." चिमी ताट घेऊन आधीच येऊन बसलेली. घरात पहिली भाकरी तिचीच असते.

"आई, पहिली मला."

"ही न्हाय."

"रोज तर देतेस!"

"ह्या तव्याची न्हाय. ही मी खाणार. तू सरक तिकडं."

ती सरकली, ओठ काढून. मी भाकरी मोडली, वांग्याची फोड लावली, घास तोंडात घातला. तेव्हा कळलं, मी कुणासारखं केलं ते. पोरीला मागं ठेवून टोपी नीट करत बैठकीत चढलेला तो माणूस माझ्या घशात उभा राहिला.

घास कडू होता, लोखंडासारखा. थुंकला नाही. चावून चावून, करपलेल्या तिळांसकट, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली ती भाकरी. मग हात धुतले, दुसरी थापायला घेतली. तवा आता चांगला तापला होता.